माहेरचा रकाना

मी काही वर्षं लोकांना प्रश्न विचारायचा पगार घेतला. कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका बोळात, नवऱ्यानं टाकलेल्या आणि कुणीच नसलेल्या बायांसाठी एक संस्था होती. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. चालवणारी माणसं भली होती, आणि मी जे केलं ते माझं मी केलं. दाराशी एखादी बाई आली की तिला आधी माझ्यापुढे आणत. मी तिची चौकशी करायची, रजिस्टरातलं एक पान भरायचं, ते तिला वाचून दाखवायचं आणि खाली अंगठा घ्यायचा. गुरुवारी ते पान कमिटीपुढे जायचं. कमिटी पान बघायची, बाईला बोलवायची नाही. खाटा मोजक्याच होत्या आणि बाया येतच होत्या, त्यामुळे कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला परत पाठवायचं हे माझ्या पानावर ठरायचं.

मला ह्याचा भारी तोरा होता. मी मॅट्रिक झालेली, अक्षर वळणदार, शाईचा डाग पडला तर पान फाडून नवं लिहिणारी. माझ्या आधी ह्या कामावर एक वयस्कर बाई होत्या, मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांची जुनी रजिस्टरं मी पहिल्याच आठवड्यात चाळली आणि कपाळाला हात लावला. वय, गाव, नवरा, मुलं, आजारपण अशा रकान्यांत एक रकाना होता 'माहेर'. माहेरी कोण आहे, त्यांची स्थिती कशी, ते सांभाळतील का, हे सगळं त्यात लिहायचं असे. ह्या बाईंनी पानामागून पान त्या रकान्यात एकच शब्द लिहून ठेवला होता, 'नाही'. इतक्या बायांपैकी एकीलाही माहेर नाही, असं कुठे असतं का? आळशी बाई, दुसरं काय, असं मी आमच्या सुपरिंटेंडेंट बाईंना बोलूनही दाखवलं. त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणत असू. त्या नुसत्या हसल्या आणि आपल्या कामाला लागल्या.

मी तो रकाना नीट भरू लागले. सासरबद्दल विचारलं की बाया भडाभडा बोलत. सासू, नवरा, सवत, कुणाची गय करत नसत. माहेरापाशी आलं की आवाज खाली यायचा. "भाऊ हाय की." "जीव लावतो." "वैनी बी चांगली हाय." बोलणारी मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत असायची, आणि मी ते शुद्ध मराठीत उतरवून घेत असायची. थोड्याच दिवसांत माझ्या रजिस्टरात एकही वाईट भाऊ उरला नाही. इतक्या चांगल्या भावांच्या बहिणी आमच्या दाराशी कशाला येतात, हा प्रश्न कमिटीला कधी पडला नाही. मलाही पडला नव्हता असं आज लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.

कारण मीही टाकलेलीच होते. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवऱ्यानं मला माहेरी आणून सोडलं, ते परत न्यायला आलाच नाही. पुढे त्यानं दुसरं लग्न केल्याचं कळलं. आईवडील गेले होते, भाऊ एका कचेरीत कारकून होता, त्याच्याकडे मी राहत होते. त्या घरात मला कुणी वावगा शब्द बोललं नाही, हे खरं आहे. वहिनी घरच्यांचा चहा गाळून घेत आणि उरलेल्या चोथ्यावर पुन्हा पाणी ओतून माझा चहा करत. माझं अंथरूण आतल्या खोलीतून स्वयंपाकघरात आलं, तिथून छत्र्या आणि चपला असतात त्या बोळकांडीत. माझी ट्रंकही वर्षावर्षानं दाराकडे सरकत होती. भाऊ पेपर वाचत असायचा. एवढ्या वर्षांत त्यानं मला एकदाही विचारलं नाही की तुझं कसं काय चाललंय.

हे मी कुणाला सांगितलं नाही. नोकरीच्या मुलाखतीत कमिटीच्या अध्यक्षांनी विचारलं, "घरचं कसं आहे?" तेव्हा मी म्हणाले, "भाऊ माझं फार करतो." ते अगदी सहज तोंडातून आलं. आई सांगत असायची की सासरची शंभर गाऱ्हाणी घेऊन ये, पण माहेरची अब्रू बाहेर नेऊ नको, ती तुझीच अब्रू आहे. ही शिकवण फक्त आमच्याच घरातली नव्हती. पन्हाळ्याकडची असो की कर्नाटकाच्या हद्दीवरची, आमच्याकडे आलेली प्रत्येक बाई ती शिकूनच आली होती. माझ्याइतकं हे ओळखणारं त्या इमारतीत दुसरं कुणी नव्हतं.

एका वर्षी दिवाळीत भाऊ बायकामुलांना घेऊन सासुरवाडीला गेला. भाऊबीजेला मी घरात एकटी होते. ओवाळायला कुणी नव्हतं म्हणून निरांजनही लावलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी स्वतःसाठी एक निळी साडी घेतली. घडी बांधून घेताना आठवलं की भाऊबीजेची साडी कधी एकटी येत नाही, चोळीचा खण तिच्याबरोबर असतोच, म्हणून खणही घेतला. तो शिवायला टाकला. संस्थेची कचेरी उघडली त्या दिवशी मी ती साडी आणि ते पोलकं घालून गेले. मोठ्या बाईंनी पदर हातात घेऊन पाहिला आणि विचारलं, "भावानं?" मी म्हणाले, "हो. साडी-खण दोन्ही." त्यांनी चार बायांना बोलावून ते दाखवलं. मला इतकं बरं वाटलं की दोन दिवस ते मलाच खरं वाटत होतं.

त्याच आठवड्यात ती आली.

पेठ वडगावच्या बाजूची होती. वय तिशीच्या आतलं. बरोबर पाचेक वर्षांची मुलगी, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली. अंगावर हिरवं लुगडं, कोरं, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. मी बाकाकडे बोट दाखवून "बसा" म्हटलं. ती भिंतीशी खाली बसली. बहुतेक सगळ्या तशाच बसत, आणि मला त्याचा राग यायचा, कारण टेबलाच्या कडेवरून मला नुसतं त्यांचं डोकं दिसायचं. मी खुर्ची सोडून कधी खाली बसले नाही. शेजारच्या टेबलाशी मोठ्या बाई पत्रं लिहीत होत्या.

नवऱ्याबद्दल तिनं तोंड सोडून सांगितलं. त्यानं दुसरी ठेवली होती, हिला दोन वर्षांमागं हाकललं होतं. "पोरगी झाली म्हनून आदीच त्वांड वाकडं हुतं त्येचं," ती म्हणाली. मी लिहीत गेले. ती "आलतो", "गेलतो" म्हणायची, आमच्याकडच्या बाया स्वतःबद्दल बोलतात तसं. मी "आले होते", "गेले होते" लिहायची. मग माहेरचा रकाना आला.

"माहेरी कोण?"

"भाऊ हाय की."

"काय करतो?"

"शेती हाय. म्हसरं हाईत."

"वागवतो का तुम्हांला?"

तिची मान खाली गेली. "वागवतो की. जीव लावतो."

"लुगडं नवं दिसतंय."

"भावानं घेतलं. भाऊबीजंचं."

मोठ्या बाईंनी पत्रातून डोकं वर केलं. त्या कौतुकानं म्हणाल्या, "आमच्या ह्या बाईंनाही यंदा त्यांच्या भावानं घेतली. साडी आणि खण दोन्ही." त्यांनी माझ्याकडे हात केला. ती बाई माझ्या निळ्या साडीकडे बघत राहिली, मग पोलक्याकडे, मग माझ्या तोंडाकडे.

"झ्याक हाय," ती म्हणाली. "भावानं घेतली?"

"हो," मी म्हणाले, आणि रजिस्टरात बघितलं.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी एवढं सगळं सांगितलं. मला तिची चोळी दिसत होती. कोऱ्या लुगड्याखाली ती जुनी, विटलेली होती, काखेत दुसऱ्याच कापडाचं ठिगळ होतं, आणि त्या ठिगळालाही ओढ बसून टाके उसवले होते. भाऊ लुगडं घेतो आणि चोळीचा खण घेत नाही, असं आमच्या मुलखात होत नाही. कितीही गरीब असला तरी तो दोन्ही घेतो, नाहीतर काहीच घेत नाही. बाई खोटं बोलत होती, आणि ते मला पहिल्या नजरेत कळलं. जिथे मी शहाणपणानं खणही मागून घेतला होता, तिथे तिचं शहाणपण कमी पडलं होतं किंवा तिला ते परवडलं नव्हतं. मला तिची कीव यायला हवी होती. मला आला राग. इतकं कच्चं खोटं बोलायला ही इथे आली कशाला, असं वाटलं. आणि त्याच्याखाली भीती होती. हिला "मग खण कुठाय?" असं विचारलं असतं, तर मोठ्या बाईंच्या समोर खण आणि भाऊ हा विषय निघाला असता, आणि तो विषय मला नको होता.

"मग इथं का आलात?" एवढंच मी विचारलं.

तिनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "हिला शाळंत घालायचं हाय. मला शिवान शिकवत्यात म्हनं हितं. तेवडं जालं म्हंजे कुनाच्या दारात बसाय नको."

कुणाच्या दारात, हे मी विचारलं नाही. पान पुरं केलं आणि वाचून दाखवलं. माहेरच्या रकान्यात मी लिहिलं होतं ते मला आजही तोंडपाठ आहे. 'अर्जदार बाईचे बंधू शेती करून सुस्थितीत असून बहिणीवर त्यांचा लोभ आहे. दरवर्षी भाऊबीजेस लुगडे-चोळी करतात.' चोळीचं नाव तिनं काढलंच नव्हतं. दरवर्षी असंही ती म्हणाली नव्हती. लिहिण्याच्या ओघात ते माझ्या लेखणीतून आलं. तिचं खोटं जिथे उघडं पडत होतं, तिथे ते मी झाकून पक्कं करून दिलं.

'लुगडे-चोळी' हा शब्द मी वाचला तेव्हा तिनं पदर ओढून काखेवर घेतला. तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं.

"बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. मी शाईची डबी पुढे केली आणि तिनं अंगठा उठवला.

गुरुवारी कमिटी बसली. अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर होते, मनानं मऊ माणूस. त्यांनी पान वाचून चष्मा काढला. "हिचं माहेर भरलेलं आहे. भाऊ सणाला लुगडं-चोळी करतो. अशा बाईला आपण ठेवून घेतलं की भाऊ म्हणणार, बरं झालं, सुटलो. जोडलेलं माहेर आपण का तोडायचं?" सगळ्यांनी माना हलवल्या. मग त्यांनी मला विचारलं, "तुमचं काय मत? तुम्ही तिच्याशी बोललात."

खोलीत सहा माणसं होती. मी म्हणाले, "नोंदीत आहे तसंच आहे."

तिला सांगायचं काम माझ्याचकडे होतं. दोन दिवस ती मुलीला घेऊन फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून होती. जागा नाही, भाऊ चांगला आहे, त्याच्याकडेच राहा, असं मी तिला समजावून सांगितलं. समजावण्याच्या सुरातच सांगितलं, त्याची लाज वेगळी. ती रडली नाही. गाठोडं उचलून म्हणाली, "तुमचं काय चुकलं न्हाई बाई. म्या सांगितलं त्येच तुमी ल्हिवलासा." मग मुलीचं बोट धरून "येतो" म्हणाली आणि गेली. त्या दोघी बोळाच्या तोंडाशी दिसेनाशा होईपर्यंत मी उभी होते. हाक मारायला तेवढा वेळ पुरला असता. मी मारली नाही.

त्यानंतर काही मी सुधारले नाही. पश्चात्तापानं माणूस लगेच बदलतो असं वाटत असेल तर तसं काही होत नाही. माझं वळणदार अक्षर चालूच राहिलं. फक्त बायांच्या चोळ्यांकडे बघायचं मी सोडून दिलं.

पुढच्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर ती पुन्हा आली. तेच हिरवं लुगडं, आता पांढुरकं पडलेलं. हातांना उसाच्या पात्यांचे ओरखडे होते. मुलगी बरोबर नव्हती. मोठ्या बाई त्या दिवशी एका आजारी बाईला घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या, खोलीत आम्ही दोघीच होतो. तिनं मला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. भिंतीशी बसली आणि मी विचारायच्या आधीच सांगू लागली. काय सांगायचं ते पक्कं करून आली होती.

"म्हायार न्हाई. भाऊ मेला."

"मूलबाळ?"

"न्हाई."

त्या मुलीचं वय मी माझ्या हातानं लिहिलं होतं. घट्ट वेण्या घातलेलं ते पोर ह्याच फरशीवर बसलं होतं. आत यायचं तर आपलं असं जगात कुणी असता कामा नये, हे ह्या बाईला आमच्या संस्थेनं शिकवलं होतं, म्हणजे मी शिकवलं होतं.

मी लेखणी खाली ठेवली. खुर्चीतून उठले आणि तिच्याशेजारी भिंतीला टेकून फरशीवर बसले. कसं सुरू करावं ते कळेना. शेवटी म्हणाले, "मागच्या वर्षी माझ्या अंगावर निळी साडी होती. ती भावानं दिली नव्हती. मीच घेतली होती. खणही मीच घेतला होता."

ती समोर बघत होती. म्हणाली, "मला ठावं हुतं."

"कसं?"

"भावानं दिल्यालं सांगताना बाई वर बघून सांगती. तुमची मान खाली गेली. माजी बी तशीच गेलती."

मग तीच पुढे म्हणाली, "तुमी चोळीचं वाचलासा, तवा मी म्हननार हुतो, चोळी न्हाई दिली म्हनून. लुगडं बी न्हाई दिलं, शेंगा काढायच्या मजुरीतनं म्याच घेतलं, हापिसात जायाचं म्हनून. समदं सांगनार हुतो. पर तुमच्या तोंडाकडं बघितलं. तुमची मोठी बाई हितंच बसलीवती. म्हटलं मी माजं सांगितलं तर हिचं बी निघंल. मग गप बसलो."

हे तिनं मोठेपणा घेऊन सांगितलं नाही. त्या दिवशी पाऊस होता म्हणून थांबलो, अशा सुरात सांगितलं. मला धड रडताही आलं नाही. मी माझी अब्रू राखायला तिची जागा घालवली होती, आणि तिनंही माझीच अब्रू राखायला आपली जागा घालवली होती. त्या खोलीत एका बाईची काळजी दोघींनीही केली, आणि ती बाई मी होते.

मग मी मुलीचं विचारलं, तेव्हा ती फुटली. "पोरगी न्हाई म्हटलं, माजी जीब कशी झडली न्हाई." इथून परत गेल्यावर भावानं गोठ्याशेजारी पुन्हा जागा दिली होती. पण संस्थेत जाऊन आली, चारचौघांत आमची शोभा करून आली, म्हणून भावजय बोलायची बंद झाली. पावसाळ्यापूर्वी भावानं सांगितलं, पोरगी राहू दे, म्हशींमागं जाईल, तू तुझं बघ. ही कसबा बावड्याच्या बाजूला उसाच्या रानात मजुरीला राहिली. मुलगी म्हशींमागं.

मी नवं पान घेतलं. मुलीसकट सगळं ती बोलली तसं लिहिलं. माहेरच्या रकान्यात मात्र माझ्या आधीच्या त्या चौथी शिकलेल्या बाईंचा शब्द लिहिला, 'नाही'. तो शब्द त्या का लिहीत असत ते मला तेव्हा कळलं. त्यांनी बायांना तो प्रश्नच विचारला नसावा. कुणाला खोटं बोलायला लावायचं नाही आणि कुणाला भावाची बदनामीही करायला लावायची नाही, अशी त्यांनी सोय काढली होती. मी त्यांना आळशी म्हटलं होतं. त्या दिवसापासून मीही प्रत्येक पानावर तोच शब्द लिहू लागले.

कमिटीपुढे अध्यक्षांनी विचारलं, "गेल्या साली हिच्या भावाबद्दल चांगलं लिहिलेलं दिसतं?" इथे तरी मी खरं बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "दुसऱ्या एका बाईची माहिती चुकून हिच्या पानावर उतरली होती." ते म्हणाले, "होतं असं. जपत जा." तिला जागा मिळाली.

मुलीला आणायला मोठ्या बाई, ती आणि मी अशा तिघी मोटारीनं पेठ वडगावला गेलो आणि पुढे चालत त्यांच्या वस्तीवर. पानावर माहेर 'नाही' असताना हा मामा कुठून आला, असं मोठ्या बाईंनी विचारलं नाही. भाऊ दारातच भेटला. मी मनात कुणी उग्र माणूस धरला होता. हा साधा, थकलेला माणूस होता. "या पावणं," म्हणून त्यानं घोंगडं टाकलं, ताक दिलं. बहिणीकडे बघून म्हणाला, "हिला कोन जा म्हनलंतं? आपनच गेली." वाटेतच तिनं आम्हांला सांगितलं होतं की भावाला काही बोलू नका.

मुलगी म्हशी घेऊन आली. केस कापलेले होते, उवा झाल्या म्हणून असतील. आम्हांला बघून ती मामीच्या मागे लपली आणि आत हाक देऊन म्हणाली, "आत्या आली." मामाची मुलं आत्या म्हणत, म्हणून तीही आईला आत्या म्हणू लागली होती. त्या बाईनं फक्त तिचं बोट धरलं. शाळेत नाव घातलं तेव्हाही मुलगी तिला आत्याच म्हणत होती, आणि शिमगा उलटून गेल्यावर कधीतरी आई म्हणू लागली. तेवढे महिने ती हाक रोज माझ्या कानावर पडत होती. ती ऐकायची शिक्षा मला योग्यच होती असं मला वाटतं.

ती शिवण झपाट्यानं शिकली. वर्ष फिरलं, पुन्हा दिवाळी आली. माझा भाऊ त्या वर्षी घरी होता. मी ओवाळलं. त्यानं तबकात सुपारी ठेवली आणि "नंतर बघू" म्हणाला. सुट्टी संपायच्या आत मी दुकानात गेले.

कचेरी उघडली त्या दिवशी मोठ्या बाई शिवणाच्या खोलीत होत्या, मीही काही कामानं तिथे गेले. दहाबारा बाया मशिनींवर बसल्या होत्या, तीही होती. मोठ्या बाईंनी माझा पदर हातात घेतला. "यंदा जांभळी? भावानं?"

मशिनींचा आवाज जरा कमी झाला. बाया बघत होत्या. आता इथे लपवण्यासारखं काय उरलं होतं? ज्या एका बाईला सगळं माहीत होतं ती समोर बसली होती, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांतल्या प्रत्येकीच्या पानावर माहेरापुढे 'नाही' असं माझ्याच हातानं लिहिलेलं होतं. एवढ्या सगळ्या माहेर नसलेल्या बायांमध्ये मला माझं नाही म्हणून सांगायला काय हरकत होती?

"हो," मी म्हणाले. "साडी-खण दोन्ही."

मी खाली बघितलं नाही. मान वर ठेवायची हे मी तिच्याकडूनच शिकले होते.

मोठ्या बाई गेल्यावर ती उठून आली. गळ्यात माप घ्यायची पट्टी होती. "खण द्या हिकडं," ती म्हणाली. "मी शिवतो. भाईरच्या शिंप्याकडं कशाला?" मी पिशवीतून खण काढून दिला. तिनं मला खिडकीजवळ उभं केलं, हात वर धरायला लावले आणि पाठीमागून पट्टी फिरवली. मग माझ्या कानाशी, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं, म्हणाली, "आवंदा न्हाई जमलं. ऱ्हाऊ द्या. फुडल्या साली सांगा."

पुढल्या साली जमलं नाही, त्याच्या पुढल्याही नाही. ती मुलीला घेऊन बावड्याकडे स्वतःची खोली करून राहिली, तेव्हा निरोप द्यायला सगळ्या जमल्या होत्या, तेव्हाही नाही. मग माझा भाऊ वारला, आणि गेलेल्या माणसाबद्दल असं बोलणं आणखीच अवघड होऊन बसलं. इथे लिहिलं आहे ते पहिल्यांदाच.